डायव्हिंग हेल्मेटचे चार कट-सेक्शन: प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी २०२५

कामाची हद्द आज पक्की केली. व्यावसायिक डायव्हरच्या हेल्मेटचे पूर्ण आकाराचे चार नमुने करायचे. चारही कापलेले, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या मुलांना हात घालून बघता येतील असे. पाण्यात उतरण्याजोगा एकही नाही, आणि तसं प्रत्येकावर कोरून टाकायचं. तांब्या-पितळेचं हेल्मेट दिसलं की कुणाला तरी विहिरीत उतरायची हुक्की येतेच.

समुद्रापासून इतक्या लांब हे कशाला, हा प्रश्न येणारच. शहर उजनीचं पाणी पितं. जॅकवेल, इनटेकच्या जाळ्या, धरणाची दारं, यांची पाण्याखालची तपासणी डायव्हरशिवाय होत नाही, आणि मेकॅनिकलच्या मुलांना त्या डायव्हरच्या डोक्यावर काय असतं याचा पत्ता नसतो.

पहिला नमुना डीन बंधूंच्या उघड्या हेल्मेटचा. दुसरा बारा बोल्टच्या बंद पोशाखाचा, आणि बहुतेक वेळ तोच खाणार. तिसरा नेक डॅमवर, म्हणजे मानेभोवतीच्या रबरी सीलवर बसणारा, सतत हवा सोडणारा हलका टोप. चौथा आजचा, श्वास ओढला की हवा देणारा.

घुमट सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण खरे बदल झाले ते गळ्यापाशी. हवा कुठं अडवायची आणि वजन कुणी पेलायचं, खांद्यांनी की डोक्यानं, या दोन प्रश्नांभोवती हे डिझाइन जवळपास दोनशे वर्षं फिरलंय. म्हणून चारही नमुन्यांत कापायची रेघ गळ्यातून जाणार. सरळ दोन भाग न करता उजव्या बाजूचा चतकोर तेवढा काढायचा, म्हणजे उरलेलं हेल्मेट स्वतःच्या बळावर उभं राहतं.

१० जानेवारी

पहिला नमुना. चार्ल्स डीनने १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते धुरात शिरण्याच्या हेल्मेटचं, आगीच्या ठिकाणी वापरायला. तिथं ते फारसं चाललं नाही. १८२० च्या दशकाच्या शेवटी चार्ल्स आणि जॉन या भावांनी तेच पाण्याखाली नेलं. हेल्मेट खांद्यांवर टेकतं, त्याला कमरेपर्यंतचं जाकीट जोडलेलं, वरून नळीतून हवा येते आणि जाकिटाच्या खालच्या कडेतून बुडबुडे होऊन निघून जाते. व्हॉल्व्ह नाही, सील नाही.

या साधेपणात एक चांगली गोष्ट आहे: आतला दाब आपोआप जाकिटाच्या कडेपाशी असलेल्या पाण्याच्या दाबाइतका राहतो. वाईट गोष्टही तिथूनच निघते. डायव्हर वाकला आणि डोकं कमरेच्या खाली गेलं की हवा कडेतून पळते आणि पाणी चढतं. पडला तर उठायच्या आत हेल्मेट भरतं. तळाशी नांगर किंवा तोफा शोधणाऱ्या माणसानं वाकायचं नाही, असं कसं चालेल?

नमुन्यासाठी २ मिमीचा पितळी पत्रा, तीन काचा आणि कॅनव्हासचं जाकीट. स्टँडला बिजागरी लावलीय, ३० अंशांवर आणि ९० अंशांवर खीळ बसते. मुलांनी स्टँड वाकवून टाकीत बुडवला की पाणी कुठून चढतं ते दिसतं. या नमुन्यावर यापेक्षा वेळ घालवण्यासारखं काही नाही.

१८ जानेवारी

दुसऱ्या नमुन्याचा घुमट. तांब्याचा पत्रा १६ गेज, म्हणजे १.६ मिमी. अर्धगोलाचा व्यास ३३० मिमी धरला. अर्धगोलाचं क्षेत्रफळ सपाट चकतीत बसवायचं तर चकतीचा व्यास अर्धगोलाच्या १.४१४ पट लागतो: ४६७ मिमी. कडेला छाटायला मार्जिन धरून ४८० मिमीची चकती कापली.

लेथवर लाकडी फर्म्यावर स्पिनिंग, म्हणजे फिरता पत्रा दाबत दाबत फर्म्याचा आकार द्यायचा. तांबं दोन-तीन फेऱ्यांत कडक होतं. तशातच रेटलं तर कडेला सुरकुत्या पडतात आणि मग त्या ठोकूनही जात नाहीत. दर फेरीनंतर अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंत तापवायचं आणि थेट पाण्यात बुडवायचं. पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांब्याला तो नियम नाही. उलट पाण्यात बुडवल्यानं वरची काळी खपली सुटून पडते, घासायचं काम वाचतं.

अर्धगोलाच्या कमरेशी पत्रा १.३ मिमीपर्यंत पातळ झाला, तेवढं चालतं. खालचा १२० मिमी उंचीचा गोल पट्टा वेगळा करून सिल्व्हर ब्रेझिंगनं जोडला.

हिशेब करून पाहिला: घुमट आणि पट्टा मिळून तांबं जेमतेम सव्वाचार किलो. अमेरिकन नौदलानं १९१६ मध्ये स्वीकारलेल्या मार्क ५ या बारा बोल्टच्या हेल्मेटचं ब्रेस्टप्लेटसकट, म्हणजे खांद्या-छातीवर टेकणाऱ्या खालच्या भागासकट, वजन साधारण २५ किलो. म्हणजे लोक ज्याला तांब्याचं हेल्मेट म्हणतात त्याचं बहुतेक वजन पितळी ओतकामात असतं: गळ्याच्या रिंगा, खिडक्यांच्या चौकटी, पट्ट्या, व्हॉल्व्हचे बूड.

आणि तरी ते पाण्यात जड नसतं. आमच्या घुमटाच्या आतली जागा जवळजवळ २० लिटर, म्हणजे २० किलोचा उचल. ब्रेस्टप्लेटमधली आणि पोशाखातली हवा धरली तर माणूस तरंगायलाच लागेल. मार्क ५ बरोबर साधारण ३८ किलोचा शिशाचा पट्टा आणि एकेक आठ किलोचे बूट द्यावे लागत ते यामुळे. सगळा साज मिळून ८५ किलोच्या पुढे जातो.

२७ जानेवारी

ओतकाम आलं. गळ्याच्या दोन रिंगा, तीन खिडक्यांच्या चौकटी, चार पट्ट्या. पॅटर्नमध्ये आकसण्यासाठी दीड टक्का धरला होता. रिंगा बरोबर बसल्या. एका चौकटीत वायूची छिद्रं निघाली, ती बाद. बाहेरून ठीक दिसते, पण काचेची बैठक टर्न केली की आतली छिद्रं उघडी पडतात आणि गळती तिथूनच होते. चौकटीची बैठक आधी टर्न करून बघायची, बाहेरची सफाई नंतर.

आता गळ्याचे आटे. घुमट ब्रेस्टप्लेटवर पूर्ण फिरवून बसवायचा म्हटलं तर नळी आणि टेलिफोनची तार डायव्हरभोवती गुंडाळली जाईल. म्हणून तुटक आटे: आट्यांचे चार तुकडे आणि मध्ये चार मोकळ्या खाचा, प्रत्येक ४५ अंशांची. घुमट ४५ अंश बाजूला वळवून धरून खाली बसवायचा आणि एक अष्टमांश फेरा द्यायचा. बस्स.

आधी लेथवर दोन्ही रिंगांवर पूर्ण आटे पाडले, ६ मिमी पिचचे. मग इंडेक्सिंग हेडवर धरून खाचा मिलिंग केल्या. क्रम उलटा केला तर तुटक भागावर टूल आदळत राहतं आणि आट्याची सुरुवातीची धार तुटते. खाचांच्या कडा कानशीनं मोडून घ्यायच्या, नाहीतर बसवताना पितळ पितळाला ओरबाडतं.

मागच्या बाजूला कुलूप-खीळ. घुमट पाण्याखाली आपोआप उलटा फिरला तर काय होईल, हे वेगळं सांगायची गरज नाही.

३१ जानेवारी

दोन रिंगांच्या मध्ये चामड्याचं वायसर असतं. ही चकती क्षुल्लक दिसते, पण आज दिवसभर काम याच्यावरच झालं.

६ मिमी पिचवर ४५ अंश फिरवलं की घुमट फक्त पाऊण मिमी खाली जातो. सगळा दाब या पाऊण मिमीत यायचा. वायसर ३ मिमी जाडीचं, तेल पिऊन मऊ झालेलं असेल तर खीळ बरोबर खाचेत पडते आणि समोरची काच नाकासमोर येते. सोलापूरच्या कोरड्या हवेत शेल्फवर राहिलेलं तेच वायसर २.६ मिमी भरलं आणि पापडासारखं कडक झालं. चार दशांश मिमीचा फरक. पण ६ मिमी पिचवर तो २४ अंशांचा होतो. घुमट ४५ वर न थांबता ६९ अंशांपर्यंत जातो, काच खांद्याकडे वळते, खीळ खाचेच्या पुढे निघून जाते.

याहून वाईट म्हणजे पकड. ४५ अंशांवर आट्याचा प्रत्येक तुकडा समोरच्या तुकड्याला पूर्ण लांबीनं धरून असतो. ६९ वर त्यातले २१ अंशच एकमेकांत उरतात, म्हणजे निम्म्याहून कमी. बाहेरून बघणाऱ्याला घुमट घट्ट बसलेला वाटतो.

इलाज जुनाच: चामडं तेलात मुरवून ठेवायचं. आम्ही एरंडेल वापरतो. खनिज ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं आणि वायसरपासून चार बोटांवर रबरी कॉलर आहे. एरंडेलानं रबर बिघडत नाही. झिजलेल्या वायसरखाली कागदाची चकती घालून जाडी भरायची नाही. कागद भिजला की एकदम बसतो.

५ फेब्रुवारी

कल्हई. जुनी हेल्मेटं आतून, आणि मार्क ५ सारखी बाहेरूनही, कथलाची कल्हई केलेली असत. आत दमट हवा, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, खारं पाणी. उघडं तांबं हिरवं पडायला दुसरं काय लागतं.

कल्हईवाल्यांना घुमट दाखवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता तो जोडाचा: आत शिशाचा डाग आहे का? प्रश्न अगदी नेमका. कथील २३२ अंशांना वितळतं, साधा शिसं-कथलाचा डाग १८३ ला. कल्हईच्या आचेवर डागाचे जोड सुटतात. ब्रेझिंग ६०० च्या पुढचं, त्याला काही होत नाही. म्हणून कल्हई आधी, आणि मऊ डागाची कामं, म्हणजे आतल्या हवेच्या पन्हळी, नंतर.

आटे आणि काचेच्या बैठकींवर खडूची पेस्ट लावून घेतली, तिथं कथील धरत नाही. खिडक्यांची भोकं उघडी ठेवून घुमट उलटा भट्टीवर. नवसागर भुरभुरला, कथलाची कांडी टेकवली, कापसाच्या बोळ्यानं फिरवलं. गोलाच्या माथ्याशी आच कमी पोचते आणि तिथं कथील गोळा होतं. तिथं बाहेरून बर्नर लावावा लागला. नवसागराचा धूर घुमटात कोंडतो, तोंड जवळ न्यायचं नाही. शुद्ध कथीलच घ्यायचं, बाजारात शिसं मिसळलेल्या कांड्या मिळतात.

१२ फेब्रुवारी

बंद पोशाख. ऑगस्टस सीबे हा जन्मानं जर्मन, लंडनमध्ये काम करणारा कारागीर. डीन बंधूंची हेल्मेटं त्यानंच घडवली होती. १८३७ च्या सुमारास त्यानं हेल्मेट पूर्ण अंगभर पोशाखाला पाणबंद जोडलं आणि हवा बाहेर जायला हेल्मेटवर व्हॉल्व्ह दिला. मूळ सूचना जॉर्ज एडवर्ड्स या अभियंत्याची. १८३९ पासून कर्नल पास्लीच्या हाताखाली ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या युद्धनौकेवर जे काम चाललं, त्यात हा पोशाख कसाला लागला. आता माणूस वाकू शकत होता, आडवाही पडू शकत होता.

पोशाखाचं कापड म्हणजे सुती ट्विलचे दोन थर आणि मध्ये रबर. ट्विल इथल्याच पॉवरलूमवरचं, घट्ट विणीचं घेतलं. कॉलर ६ मिमी नैसर्गिक रबराची. ब्रेस्टप्लेटच्या कडेवरच्या बारा स्टडसाठी, म्हणजे उभ्या बोल्टसाठी, बारा भोकं: पंचानं पाडायची, स्टडपेक्षा १ मिमी लहान. ड्रिलनं पाडलेल्या भोकाची कड खरबरीत होते आणि ताण आला की तिथूनच फाटते.

कॉलर स्टडवर चढवली, वर चार पितळी पट्ट्या. प्रत्येक पट्टीचे मधले दोन स्टड तिचे स्वतःचे, आणि टोकांचे दोन शेजारच्या पट्टीशी वाटून घेतलेले. असे आठ आणि चार मिळून बारा. जोडांवरच्या चार नटांना रुंद कॉलर असते, दोन्ही पट्ट्यांची टोकं एकत्र दाबायला, आणि त्यांच्याखाली तांब्याचं वायसर. आवळताना मधले आठ आधी, जोडावरचे चार शेवटी. उलट केलं तर रबर मध्ये फुगवटा धरून बसतं आणि तो फुगवटा कितीही आवळला तरी जात नाही. गळती बहुतेक वेळा खांद्यावरच्या वळणात निघते, कारण ब्रेस्टप्लेट तिथं खोगिरासारखी दोन दिशांना वळते आणि रबर ताणून पातळ होतं.

रशियात तीन बोल्टचाही प्रकार रूढ झाला. त्यात पोशाखाची जाड रबरी कड थेट घुमट आणि ब्रेस्टप्लेटच्या मध्ये दाबली जाते. तुटके आटे नाहीत, चामडं नाही, पट्ट्या नाहीत. आमच्या मते बनवायला आणि सांभाळायला हीच रचना सरस.

१९ फेब्रुवारी

हवा आत येते त्या वाकड्या नळीच्या मुळाशी एनआरव्ही, म्हणजे हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. पंपवाल्या सोलापुराला एनआरव्ही शिकवायला नको, पण इथं त्याचं काम वेगळं आहे.

डायव्हर २० मीटरवर आहे आणि वर नळी फाटली असं धरा. एनआरव्ही नसेल तर हेल्मेटमधली हवा नळीतून वर पळते आणि आतला दाब हवेच्या दाबाइतका होतो. बाहेर पाणी चौरस सेंटिमीटरला २ किलोनं जास्त दाबतंय. पोशाख मऊ, हेल्मेट कडक. आमच्या रिंगेचा आतला व्यास २८० मिमी, क्षेत्रफळ ६१६ चौ. सेंमी. म्हणजे सव्वा टनाच्या आसपास बळ माणसाला खालून हेल्मेटमध्ये कोंबतं. डायव्हर याला स्क्वीझ म्हणतात.

एनआरव्ही असूनही हा धोका पूर्ण जात नाही. ५ मीटरवरून १५ मीटरवर पडलेल्या माणसाभोवतीची हवा दीड बारवरून अडीच बारला जाते आणि ६० टक्के जागेत मावते. पोशाखात हवा कमी असेल तर भरपाई छातीतून होते. हीच घसरण २० वरून ३० मीटरला झाली तर हवा ७५ टक्के उरते. उथळातली दहा मीटर खोलातल्या दहा मीटरपेक्षा घातक, हे मुलांना गणितानं पटतं, सांगून पटत नाही.

व्हॉल्व्हची बैठक चामड्याची केली. स्प्रिंग इतकी हलकी की फुंकरीनं उघडते. कडक स्प्रिंग लावायचा मोह होतो, पण तिथं बसणारा कचरा स्प्रिंगनं हटत नाही. रोज काढून पुसणं हाच उपाय.

उलट दिशेचा अपघात म्हणजे फुगून वर येणं. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह अडला की पोशाख फुगतो, हात पसरतात, व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाहीत, आणि डायव्हर बुचासारखा वर येतो. म्हणून मार्क ५ च्या व्हॉल्व्हला आतून हनुवटीनं दाबायचं बटण आहे. शेजारी छोटा स्पिटकॉक. त्यातून तोंडात पाणी घेऊन आतल्या काचेवर फुंकायचं, धुकं जातं.

२६ फेब्रुवारी

कापण्याआधी गळती चाचणी: आत ०.२ बार, बाहेरून साबणाचं पाणी. ०.२ बार म्हणजे खेळ वाटतो, पण ३३० मिमी व्यासावर तो १७५ किलोच्या आसपास जोर लावतो. घुमट पट्ट्यानं टेबलाला बांधल्याशिवाय हवा सोडायची नाही. एका स्टडच्या मुळाशी बुडबुडे आले. डाग देऊन बंद.

मग धुपाचा धूर हवेच्या वाटेनं आत सोडला. आत आलेली हवा सरळ डोक्यावर सुटत नाही. पन्हळींतून प्रत्येक काचेच्या कडेला नेलेली असते. कोरडी हवा काचेवरून घासत गेली की धुकं धरत नाही. एक पन्हळ चिकटपट्टीनं बंद केली तर त्या खिडकीपाशी धूर तसाच घुटमळतो.

हवा किती लागते? जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०५ पासून ब्रिटिश नौदलासाठी या प्रश्नावर काम केलं. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी: हेल्मेटमधल्या कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, खोलीवर अवलंबून नाही, खोलीच्या दाबाला मोजलेल्या हवेच्या आकारमानावर आहे. त्यानं किमान मिनिटाला दीड घनफूट, म्हणजे ४२ लिटर, ही मर्यादा घातली, पण खोलीवर मोजलेली. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून वरच्या पंपानं मिनिटाला १२७ लिटर ओढायला हवेत. शिवाय पंपाची गळती दाबाबरोबर वाढते. तोवर खोलात डायव्हर का गळून जातात, याचं मोठं कारण इथं होतं.

हलक्या कामात माणूस मिनिटाला साधारण १ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरलं तर ४२ लिटर हवेत तो पाण्याबाहेरच्या हवेत २.४ टक्के असावा इतक्या दाबाला पोचतो. जड कामात दीड लिटर धरा: साडेतीन टक्के. अमेरिकन नौदलानं पुढं साडेचार घनफूट मागितले, म्हणजे १२७ लिटर. त्यात जड कामालाही १.२ टक्के. किंमत आवाजात मोजायची: एवढी हवा सुटत असताना टेलिफोनवर काही ऐकू येत नाही, ऐकायचं तर डायव्हरला हवा क्षणभर बंद करावी लागते.

४ मार्च

हेलियमची आवृत्ती बनवायची नाही, फक्त फलक. मार्क ५ च्या पाठीमागं कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा आणि व्हेंचुरी, म्हणजे झोतानं वायू ओढून फिरवणारी नळी, म्हणजे तोच वायू फिरवून महाग हेलियम वाचवायचा. १९३९ मध्ये ‘स्क्वालस’ ही अमेरिकन पाणबुडी २४० फुटांवरून काढताना डायव्हर हेलियम-ऑक्सिजनवर होते.

दुसऱ्या नमुन्याचा चतकोर कापला. कापण्याआधी कडेच्या दोन्ही बाजूंनी आतून पितळी पट्टी टाचून घेतली, नाहीतर स्पिनिंगचा ताण सुटून कडा उमलतात आणि तो तुकडा परत कधी जुळत नाही.

११ मार्च

तिसरा नमुना. १९६० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात आणि कॅलिफोर्नियाजवळ समुद्रातलं तेलाचं काम वाढलं. डायव्हरला दिवसभर चढउतार, पोहत जाऊन पाइपखाली शिरणं आलं. ८५ किलोचा साज तिथं निकामी. लुइझियानातल्या जो सॅव्हॉयसारख्या डायव्हरांनी स्वतःच फायबरग्लासचे टोप बनवले. ब्रेस्टप्लेट गेली, पोशाखाशी जोड गेला. सील आली गळ्याभोवती: रबरी शंकू, नेक डॅम.

त्याचा मोठा फायदा अपघातात दिसतो. पोशाख फाटला तरी डोकं कोरडं राहतं. तोटा: टोपाला खाली धरून ठेवणारं काही उरलं नाही. सतत हवेचा टोप वर उचलला जातो. म्हणून मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा, किंवा टोपातच वजन.

फायबरचं काम: जेलकोट, मग ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर. एका थराची जाडी साधारण १ मिमी. रेझिन आधीच कोबाल्ट घातलेलं घ्यायचं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर पेट घेतात. मार्चची दुपार म्हणजे शेडमध्ये ३८ च्या वर. हार्डनर दोन टक्के घातलं तर ब्रश भिजवेपर्यंत डब्यातच दगड. एक टक्क्यावर आणलं आणि सकाळी ८ च्या आत थर संपवले. एकच्या खाली नेलं तर रेझिन अर्धकच्चं राहतं, महिन्यानंतरही नखानं ओरखडा उठतो.

२२ मार्च

नेक डॅम. डमीच्या मानेचा घेर ३८ सेंमी, निओप्रीन ३ मिमी. शंकूचं तोंड ३४ सेंमीपासून सुरू केलं आणि अर्ध्या सेंमीच्या पट्ट्या कापत गेलो. एकदम कापायचं नाही, कापलेलं परत येत नाही. फार घट्ट ठेवलं तर मानेच्या शिरा दाबून डायव्हरला भोवळ येऊ शकते. सैल ठेवलं तर वाकल्यावर हवा तिथून निघते आणि पाणी आत येतं.

नवख्यांकडून हमखास राहणारी गोष्ट: कडा वर, हेल्मेटच्या आत वळवून बसवायची. मग आतला दाब कडेला मानेवर दाबतो. कड खाली राहिली तर तोच दाब तिला उघडतो. दाढीचे किंवा पोशाखाच्या टोपीखालून आलेले केस कडेत अडकले तरी एक बारीक धार चालू राहते.

१ एप्रिल

चौथा नमुना. मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर काही नवा नाही: फ्रान्समध्ये रुकेरोल आणि डेनेरूझ यांनी १८६० च्या दशकातच तो पाण्याखाली नेला होता. तरी हेल्मेटमध्ये तो नीट रुळायला शंभर वर्षं लागली. बॉब कर्बी आणि बेव्ह मॉर्गन यांनी १९७० च्या दशकात आणलेलं सुपरलाइट १७ हे या घराण्याचं मुख्य रूप. फायबरचं कवच, पॉलिकार्बोनेटची काच, पितळी वजनं लावून पाण्यात जवळजवळ तरंगतं-बुडतं समतोल. वजन १३ ते १५ किलो. ते डोक्यावरच बसतं आणि डोक्याबरोबर वळतं. ब्रेस्टप्लेटमध्ये डोकं आत वळायचं आणि खिडक्या जागेवर. बाजूला काचा म्हणूनच लागत.

आत नाका-तोंडावर रबरी मास्क. तो नसेल तर उच्छ्वास सगळ्या हेल्मेटभर पसरतो आणि पुढच्या श्वासाला परत येतो. मास्कमुळं ही रिकामी जागा आटते आणि जड कामाला मिनिटाला सुमारे ४० लिटर पुरतात, १२७ लागत नाहीत. २० मीटरवर वरच्या कॉम्प्रेसरला १२० लिटर की ३८०, एवढा फरक.

कापण्याजोगा तुकडा म्हणजे साइड ब्लॉक, हेल्मेटच्या बाजूचा हवा वाटून देणारा ठोकळा. पितळी चौरसातून मशिनिंग केला, मग वायरकटवर उभा चिरला. वाट अशी: मुख्य नळी, लगेच एकदिशा व्हॉल्व्ह, मग पोकळी. पोकळीतून एक वाट रेग्युलेटरला, दुसरी काचेवर हवा सोडणाऱ्या कॉककडे. पाठीवरच्या बेलआउट, म्हणजे आणीबाणीच्या हवेच्या बाटलीची वाट या पोकळीतच, एकदिशा व्हॉल्व्हच्या पुढं, येऊन मिळते. आधी मिळाली असती तर नळी तुटल्यावर बाटलीतली हवा माणसाकडं न येता तुटक्या टोकातून निघून गेली असती. सीबेच्या हेल्मेटवरचा एनआरव्ही इथं अंगठ्याएवढा होऊन बसलाय. काम तेच.

फलकावर लिहायच्या चाचण्या: एकदिशा व्हॉल्व्ह रोज पहिल्या उतरणीआधी तपासायचा. वाळूचा एक कण बैठकीवर पुरतो. नळीतला दाब तळाच्या दाबापेक्षा ९० ते १६५ पीएसआय जास्त, खोलीप्रमाणे. बाटलीचा व्हॉल्व्ह उघडा, हेल्मेटवरचा आणीबाणीचा कॉक बंद. दोन्ही बंद ठेवून उतरणारे असतात, आणि अंधारात पाठीमागचा व्हॉल्व्ह सापडत नाही. उच्छ्वासाच्या रबरी चकत्या कडेला वळल्या असतील तर बदलायच्या, पाणी तिथूनच शिंतोडतं. नाक दाबायची गादी जागेवर आहे का, तेही बघायचं. हेल्मेट लॉक झाल्यावर कानावरचा दाब सोडवायला नाकापर्यंत बोट जात नाही.

१६ एप्रिल

उजनीसाठी वेगळा फलक. धरणाची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर. म्हणजे पाण्याचा पृष्ठभागच समुद्रसपाटीपासून अर्धा किलोमीटर वर, हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. डीकंप्रेशनचे तक्ते, म्हणजे वर येताना कुठं किती थांबायचं ते सांगणारे, समुद्रसपाटीचे. २० मीटरची उतरण तक्त्यात २१ मीटरच्या आसपास धरावी लागते, म्हणून पुढची पायरी घ्यायची. धरणात काम करताना ही दुरुस्ती नेहमी विसरली जाते, कारण ५०० मीटर कुणाला डोंगर वाटत नाहीत.

पाणी गढूळ, वरच्या शहरांचं सांडपाणी येणारं. अशा पाण्यात स्कूबाचा मास्क बाद. हेल्मेटमध्येही उच्छ्वासाच्या एकेरी चकतीतून थेंब मागं येतात. एकामागं एक दोन चकत्यांची रचना हवी. आणि जाळीजवळ काम असेल तर पंप बंद आणि कुलूपबंद. पाण्याचा ओढ हेल्मेट बघत नाही.

२३ एप्रिल

बांधाबांध. पारा ४२ वर, गाडीच्या बंद पेटीत त्याहून जास्त. निओप्रीन आणि रबरी कॉलर काढून टाल्कम लावून वेगळ्या डब्यात, घडी न घालता. चामड्याची दोन जादा वायसरं एरंडेलात बुडवून बरणीत, झाकणावर जाडी लिहून: ३.० मिमी. घुमट ब्रेस्टप्लेटवर बसवूनच न्यायचा पण खीळ लावून, आणि आट्यांच्या मध्ये चामड्याऐवजी जुन्या चादरीची पट्टी. पॉलिकार्बोनेटची काच थिनरनं पुसू नये, जाळी पडते, साबण-पाणी पुरे. पेटी क्रमांक ४ वर बाण लावायचा राहिलाय, साइड ब्लॉकचे दोन अर्धे त्यातच आहेत.